चौकशी आणि विचारपूस

बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाने काय करावे, याबद्दल डोंबिवलीत ठाम मते आहेत. सकाळी फिरायला जावे, संध्याकाळी नातवाला बागेत न्यावे आणि मधल्या वेळात सोसायटीच्या पाण्याबद्दल पत्रे लिहावीत. मी हे सारे करतो. शिवाय कादंबऱ्या लिहितो. पण ती खोड जुनीच. अलीकडे मात्र रात्रीच्या जेवणानंतर मी जुने जपानी चित्रपट बघू लागलो, तेव्हा सौ.ने चष्मा पुसून माझ्याकडे एकदा नीट पाहून घेतले.

कुरोसावा आमच्या पिढीला परका नाही. पण पुतण्याने आणून दिलेला चित्रपट वेगळाच निघाला. तोशिओ मात्सुमोतो या दिग्दर्शकाचा, १९६९ सालचा, कृष्णधवल. नावाचा अर्थ ‘गुलाबांची अंत्ययात्रा’. टोकियोतील एका बारमध्ये स्त्रीवेषात काम करणाऱ्या समलिंगी तरुणांची ही कथा. मुख्य भूमिकेत पीटर या नावाने ओळखला जाणारा कोवळा मुलगा आहे. पारंपरिक नृत्याच्या घराण्यात जन्मलेला. पुढे कुरोसावांच्या ‘रान’मध्ये (१९८५) म्हाताऱ्या राजाचा विदूषक झाला तोच हा. बारच्या मालकाचे काम करणारा नट पाहिला, तर तो ‘सेव्हन सामुराई’तला शेतकरी! परक्या घरी जावे आणि ओळखीची माणसे भेटावीत, तसे झाले.

कथेचा सांगाडा ग्रीक नाटकातल्या इडिपसचा, पण उलटा केलेला. तीही सरळ सांगितलेली नाही. काळ मागे-पुढे उड्या मारतो, भांडणे मूकपटासारखी भराभर पळतात. आणि ऐन रंगात आलेली गोष्ट मध्येच थांबते. कॅमेरा नटांकडे वळतो आणि त्यांनाच विचारतो, तुम्ही असे का जगता? हे आयुष्य आवडते का? पुढे काय करणार? ती मुले लाजतात, हसतात, विचार करून उत्तरे देतात.

सौ. हात पुसत दाराशी येऊन उभी राहिली होती. म्हणाली, “बरं झालं. कुणीतरी त्यांनाच विचारलं.”

त्या एका वाक्याने मला या चित्रपटाचे आकर्षण उलगडले. नेहमीच्या गोष्टीत मुलगा, मुलगी, विघ्न आणि शेवटी लग्न असते. त्या पंक्तीत या माणसांसाठी पानच मांडलेले नसते. विनोदासाठी बोलावतात, नाहीतर दया दाखवायला. मात्सुमोतोंनी ती पंक्तच मोडली. जपानमध्ये त्या काळी आर्ट थिएटर गिल्ड ही संस्था सुमारे एक कोटी येनमध्ये, म्हणजे तिथल्या मानाने अगदी काटकसरीत, असे धाडसी चित्रपट करू देत होती. पैसा थोडा, मोकळीक भरपूर. चित्रपट प्रौढांसाठी आहे, मुलांना घेऊन बसण्याचा नव्हे, हे आधीच सांगितलेले बरे. पण त्यातला प्रयोग चमत्कृतीसाठी नाही. ज्यांची गोष्ट कुणी सांगितलीच नाही, त्यांच्यासाठी नवी रीत शोधण्याची ती धडपड आहे.

“हे सगळे आपल्याकडचे नाही हो,” असे कुणी म्हणेल. स्त्रीवेषातला पुरुष आपल्याला परका आहे का? जपानमध्ये १६२९ साली स्त्रियांना रंगभूमीवर बंदी झाली आणि काबुकीत पुरुष स्त्रिया साकारू लागले. आपल्याकडे बालगंधर्वांनी साकारलेली सिंधू पाहून आपल्या आज्या-पणज्यांनी डोळ्याला पदर लावला, त्यांच्यासारखी साडी नेसून पाहिली. त्या ‘एकच प्याला’च्या कर्त्याचे, राम गणेश गडकरींचे नाव ठाण्याच्या रंगायतनाला आहे. बालगंधर्वांच्या खासगी आयुष्याबद्दल मला काही सुचवायचे नाही. सांगायचे एवढेच, की रंगमंचावर आपण ज्याला ‘वन्स मोअर’ दिला, तो जरा निराळ्या रूपात शेजारच्या बिऱ्हाडात दिसला की आपण दार लोटून घेतो.

मीही लोटले आहे. तीसेक वर्षांपूर्वी कल्याणमधल्या एका शाखेत मी अधिकारी होतो. पन्नाशीचे एक अविवाहित गृहस्थ मुदत ठेव ठेवायला आले. नॉमिनीच्या जागी त्यांनी एका पुरुषाचे नाव लिहिले होते आणि नात्याच्या रकान्यात ‘मित्र’. नियमाला ते चालत होते. तरी मी मोठ्याने विचारले, “मित्र कशाला? भाऊ, पुतण्या कुणी नाही का?” काउंटरमागे कुणीतरी फिसकन हसले. गृहस्थांनी नाव खोडले, पुतण्याचे घातले, सही केली आणि “थँक यू साहेब” म्हणून गेले.

काही वर्षांनी ते वारले. पुतण्या कागदपत्रे घेऊन आला. सोबत एक म्हातारे गृहस्थ होते, ते बाहेरच्या बाकावर पिशवी मांडीवर धरून बसून राहिले. त्या दोघांचे नाते काय होते, मला आजही ठाऊक नाही. मी चौकशी केली होती, विचारपूस नव्हे. चौकशी करणाऱ्याला रकाना भरायचा असतो. विचारपूस करणाऱ्याला माणूस कसा आहे ते ऐकायचे असते.

कायदा आता पुढे आला आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील परस्परसंमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केले, की अशा जोडीदारांना संयुक्त खाते उघडायला किंवा एकमेकांना नॉमिनी करायला आडकाठी नाही. ते वाचले तेव्हा मला तो बाक आठवला. विवाहाला मात्र २०२३ च्या निकालात मान्यता मिळालेली नाही.

आणि मराठी चित्रपटही पुढे आला. रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे सर्वोच्च ज्युरी पारितोषिक मिळाले, सप्टेंबरमध्ये तो आपल्या चित्रपटगृहांत आला. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी गेलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या यांची ही कथा. मात्सुमोतोंच्या चित्रपटात आरसे फुटावेत तसा गोंगाट आहे. इथे पार्श्वसंगीतसुद्धा नाही. पण धागा तोच. नातेवाईक “लग्न कधी?” म्हणून चौकशी करत राहतात. आईला सारे ठाऊक आहे, आणि ती मुलाच्या बाजूने उभी आहे.

आपल्या ठाण्या-कल्याणच्या घरांतही स्थळे बघणे चालू असते. एखादा मुलगा, एखादी मुलगी प्रत्येक स्थळाला काहीतरी खोट काढते. आपण चिडतो, पत्रिका पुन्हा दाखवून आणतो. एखाद्या रविवारी पत्रिका बाजूला ठेवावी, चहा करावा आणि शेजारी बसून एवढेच विचारावे, “बाळा, तू कसा आहेस?” उत्तर यायला वेळ लागेल. तेवढा वेळ बसून राहावे.