दोन किलो बेसन

माझी सकाळ या सदराच्या वाचकांना पाठ आहे: चहा, पेपर, पुन्हा चहा, मग माणसांत येणं. म्हणून थोरल्या जाऊबाईंनी मुळशीकडच्या कुठल्याशा वेलनेस रिट्रीटमध्ये आम्हा दोघींचं दिवसभराचं बुकिंग परस्पर करून टाकलं, तेव्हा माझा पहिला प्रश्न चहाचाच होता. "अगं, एक दिवस नाही घेतलास तर काय मरशील?" म्हणाल्या. मेले नाही, कपाळ मात्र अकरापर्यंत ठणकत होतं.

निसर्गोपचाराशी माझं वैर नाही. उरुळी कांचनला गांधीजींनी १९४६ मध्ये आश्रम सुरू केला तो खेड्यातल्या गोरगरिबांसाठी, आणि मणिभाई देसाईंनी पुढे उभं आयुष्य त्या गावात काढलं. माती, पाणी, ऊन, हवा. म्हणजे गरिबाला परवडणारं औषध. मुळशीला याच चार गोष्टींचं बिल जीएसटीसकट हातात पडतं.

सकाळी दुधीचा रस आला. कडू दुधी विषारी असतो, म्हणून मी आधी त्याची फोड चाखायला मागितली. तागाच्या कुडत्यातल्या मुलाचा चेहरा पडला. "मॅडम, आपल्याच बागेतला आहे, ऑर्गॅनिक." अहो, पण कडूपणा दुधीचा स्वतःचाच असतो, तो काही फवारणीतून येत नाही. शेवटी फोड आली. कडू नव्हती. कसलीच चव नव्हती तिला.

मग बागेत नेलं. अंबाडी, चुका, वालाचे मांडव, वाफ्यांवर पाचटाचं आच्छादन. बाग देखणी होती, खोटं कशाला बोलू? आम्हाला एकेक खुरपं मिळालं. भांगलणीला बायका मजुरी घेतात. आम्ही पैसे भरून अर्धा वाफा भांगलला. त्यातून हा मौनाचा तास, त्यामुळे कुरकुरायचीही सोय नाही.

छपराखाली गोणपाटानं झाकलेलं निळं पिंप होतं. माळीकाका काठीनं ढवळत होते. मौन पाहुण्यांना, त्यांना नव्हतं. म्हणाले, "जीवामृत. दोनशे लिटर पाणी, धा किलो देशी गाईचं शेण, गोमूत्र, बांधावरची मूठभर माती. दोन किलो गूळ. दोन किलो बेसन." सुभाष पाळेकरांची ही कृती मी वाचलेली होती, पण उपाशीपोटी ऐकली नव्हती. गूळ-बेसनावर जिवाणू पोसतात, दोन-तीन दिवसांत पिंप तयार होतं. सकाळपासून आमच्या पोटात दुधीचं पाणी, आणि इथे जमिनीला दोन किलो बेसन! आमच्या घोळक्यातल्या सगळ्या बायका पिंपाकडे ज्या नजरेनं बघत होत्या, ती नजर मी लग्नाच्या पंगतीत पाहिली आहे.

एवढ्यात जाऊबाईंनी मौन सोडलं. "एवढ्याचं पिठलं पन्नास माणसांना पुरेल. पण पीठ वैरायला हवं."

"वैरायचं कशाला? ताकात कालवून ओतायचं," मी म्हटलं.

"कालवलेलं पिठलं म्हणजे आजाऱ्याची पेज."

यावर एक नागपूरकर बाई पुढे सरसावल्या, दुसऱ्या कुणीतरी हिंग काढला. कुडत्यातला मुलगा 'मौन' लिहिलेली पाटी धरून आमच्याभोवती फिरत राहिला. माळीकाकांनाही पंच केलं. ते म्हणाले, "मी कालवून टाकतो. पण ते जमिनीला." हा निकाल आपल्याच बाजूचा आहे, असं आम्ही दोघींनीही धरलं.

दुपारी ध्यान होतं म्हणे, मातीचे लेपही होते, झाले असतील. मला आठवतो तो परतीचा रस्ता. पौडपासून चांदणी चौकापर्यंत जाऊबाई मला वैरण्याचं शास्त्र समजावत होत्या: आधण खळखळलं पाहिजे, एका हातानं पीठ, दुसऱ्या हातानं रवी, गाठी राहिल्या तर त्या मुद्दाम ठेवलेल्या समजायच्या. त्या लातूरच्या, आम्ही रत्नागिरीचे. त्यांच्याकडे वैरतात, वैरू देत. पण पिठल्यात कोकम घातलं की ते पिठलंच राहत नाही, हे त्यांनी भूगावच्या ट्रॅफिकमध्ये काढायला नको होतं.