दारोदारचे राजकारण



रॉबर्ट हाइनलाइन हा माझा आवडता विज्ञानकथालेखक. १९३८ साली तो कॅलिफोर्निया विधानसभेच्या निवडणुकीत हरला. १९४६ मध्ये त्याने लिहिलेले ‘टेक बॅक युवर गव्हर्नमेंट’ त्याच्या मृत्यूनंतर, १९९२ मध्ये छापले गेले. फारसे कुणी वाचले नाही. मलाही ते अलीकडेच सापडले. त्याचे सांगणे साधे: राजकारण घरोघर जाणाऱ्या बिनपगारी कार्यकर्त्यांवर उभे राहते.

१९९२ मध्येच संसदेने ७३वी घटनादुरुस्ती संमत केली. महाराष्ट्रात आज पंचायतीतल्या निम्म्या जागा बायकांच्या आहेत. तरी अनेक ठिकाणी सही सरपंचबाईची, कारभार नवऱ्याचा. ग्रामसभेआधी महिलासभा कायद्याने बंधनकारक आहे. ती कागदावर उरकू देऊ नका. खर्डीच्या पाड्यापाड्यांवर आधी दारोदार जाऊ या. पाणी, रेशन, दारूबंदीचे ठराव बायकाच मांडतील.