पेन्सिलीची घाई कशाला?

मंडळी, आमच्या गोतावळ्यात सध्या तीन ते पाच वर्षांची बरीच पिल्लं आहेत. त्यांच्या आया फोनवर हमखास विचारतात, "मावशी, वर्गातली बाकीची मुलं लिहायला लागली, आमचं ध्यान पेन्सिलच धरत नाही. काय करू?" प्रत्येकीला वेगळं सांगण्यापेक्षा इथेच लिहून टाकते.

साडेतीन वर्षांच्या मुलाला पानभर 'अ' गिरवायला बसवणं म्हणजे लिहायला शिकवणं नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यातून ते एवढंच शिकतं, की लिहिणं ही शिक्षा असते! माणसाच्या मनगटात 8 छोटी हाडं असतात. जन्मतः ती कूर्चेचीच असतात आणि पक्की व्हायला कितीतरी वर्षं लागतात. तेव्हा "हात दुखतो" हे दर वेळी नाटक नसतं.

पूर्वी पंतोजींच्या शाळेत धूळपाटी असे. धुळीवर बोटाने अक्षर काढायचं, चुकलं तर हात फिरवायचा. मारिया मॉन्टेसोरी बाईंनी 1907 साली रोममध्ये बालगृह काढलं, तिथेही मुलं खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून आधी बोटं फिरवत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तर बोर्डी-कोसबाडला दाखवून दिलं, की बालशिक्षणाला महागडी साधनं लागत नाहीत.

घरात काय कमी आहे? ताटलीत रवा पसरून द्या. कणकेचा गोळा द्या. मटार सोलायला, रांगोळीचे ठिपके जोडायला बसवा. पसारा होईल, होऊ दे. बोटांत जोर येतो तो असाच.

अक्षरांची सुरुवात मुलाच्या स्वतःच्या नावापासून करावी. आपलं नाव कुणाला आवडत नाही? मग ग, म, भ, न. वळणं सोपी आणि एकमेकांशी मिळतीजुळती, म्हणून हा क्रम.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. मुलाला लिहिण्याचं काही कारण मिळालं पाहिजे. वाणसामानाची यादी करताना त्याच्याही हातात कागद द्या. ते 'साकर' लिहील, 'मिट' लिहील. लगेच लाल पेन काढू नका! त्याने ऐकलेला आवाज अक्षरात पकडला, ही केवढी मोठी उडी आहे. आपल्या यादीत आपण 'साखर', 'मीठ' नीट लिहावं, ते बघत असतंच. ऱ्हस्व-दीर्घ सुधारायला पुढे सगळी शाळा पडली आहे. उमेद एकदा मोडली, की परत आणणं फार अवघड. इतकी वर्षं वर्गात काढल्यावर हे खात्रीने सांगते.

कुणी म्हणेल, आता फोनशी बोललं की तोच लिहितो, मग ही खटपट कशाला? फोन शब्द उतरवतो हे खरं. पण आपल्या मनातलं आपल्याच हाताने कागदावर उतरलं आणि दुसऱ्याने ते वाचलं, हा आनंद मुलाला एकदा तरी मिळू द्या. नंतर ते आपणहून कागद मागायला येतं.

तेव्हा मुलींनो, शेजारच्या मुलाची वही बघणं सोडा. आपल्या पिल्लाने लिहिलेली यादी घेऊन दुकानात जा, आणि त्यातली 'साकर' तेवढी विसरू नका!