माहेरी न पोहोचणारा अहवाल

गोंदिया जिल्ह्यातील गोरेगाव तालुक्यात सातवा-आठवा महिना लागला की मुलगी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी जाते. माहेर कधी शेजारच्या तालुक्यात, तर कधी सीमेपलीकडे बालाघाट जिल्ह्यात. रक्ताची तपासणी सासरच्या गावी झालेली असते आणि प्रसूती भलत्याच दवाखान्यात होते. तपासणीत ‘हिपॅटायटिस बी’ निघाला असेल, तर ही फारकत बाळाला महागात पडते.

कारण हा आजार दिसत नाही. कावीळ म्हणजे पिवळे डोळे आणि त्यावर इलाज गळ्यात माळ घालून ती उतरवणे, ही समजूत पक्की आहे. (दूषित पाण्यातून येणाऱ्या ‘ई’ काविळीत माळेपायी गेलेले दिवस जिवावर बेततात, शेवटच्या तिमाहीत ती आईचाच बळी घेऊ शकते.) ‘बी’ची लागण असलेली गरोदर स्त्री मात्र बहुधा धडधाकट असते. ‘हिला कुठे कावीळ झाली?’ असे म्हणून घरचे अहवाल बाजूला ठेवतात.

विषाणू बाळाकडे जातो तो मुख्यतः प्रसूतीच्या वेळी. मोठेपणी लागण झाली तर बहुतेक जण त्यातून बरे होतात. जन्मतः लागण झालेल्या शंभरांपैकी सुमारे नव्वद बाळांत मात्र तो मुक्काम ठोकतो आणि पुढे ऐन कर्त्या वयात काहींना यकृताचा सिरोसिस किंवा कर्करोग होतो.

लसीचा पहिला डोस जन्मानंतर २४ तासांत प्रत्येक बाळाला द्यायचाच असतो. पण लागण असलेल्या आईच्या बाळाला सोबत इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शनही हवे, शक्यतो १२ तासांत. आईचा अहवाल ठाऊक नसेल, तर ते मागवून कोण ठेवणार? विषाणूचे प्रमाण जास्त असेल, तर आईला टेनोफोविरच्या गोळ्या सुरू करायच्या त्या सातव्या महिन्यात, म्हणजे ती माहेरी निघते त्याच सुमारास.

२८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात तपासणी आणि औषधे मोफत आहेत. उणीव निरोपाची आहे. कार्डावर नोंद करून थांबू नये. तिला विचारून, सासरच्या आशाताईंनी माहेरच्या आशाताईंना आणि प्रसूती जिथे होणार त्या रुग्णालयाला कळवायला हवे.

अहवाल लपवला जातो त्यामागे भीतीही आहे. ‘कुठून आणलास हा रोग?’ हे सुनेलाच विचारतात. पुष्कळदा तो तिला स्वतःच्या जन्मावेळी आईकडून मिळालेला असतो, कधी नवऱ्याकडून. नवऱ्याचे रक्त तपासा, असे मात्र कोणी म्हणत नाही. काही घरांत तर अहवाल कळताच बाळाला आईपासून तोडतात. बाळाला लस दिली असेल, तर अंगावर पाजायला काहीही हरकत नाही.