चिकूच्या गोडीतला हायड्रोजन

परवा डहाणूहून मावशीचा फोन आला. चिकूच्या भावाचं रडगाणं झाल्यावर तिने एकदम विचारलं, "काय रे, तारापूरच्या अणुभट्टीतलं ते ट्रिटियम म्हणे झाडात शिरतं. आपल्या चिकूत येतं का?" मी ठोकून दिलं, "अगं, ते पाण्यासारखंच. आलं तसं जातं." फोन ठेवल्यावर लक्षात आलं, आपण तिला अर्धंच सांगितलं.

ट्रिटियम म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन. निसर्गातही ते थोडंफार बनतच असतं. पण तारापूरच्या ३ आणि ४ क्रमांकांसारख्या जड पाण्याच्या भट्ट्यांत जास्त बनतं. १२.३ वर्षांत निम्मं होतं. त्याचे बीटा कण इतके दुबळे की कातडीही भेदत नाहीत. प्रश्न आहे तो पोटात गेल्यावरचा.

झाडाला ते परकं वाटतच नाही. मुळं ते पाण्याबरोबर उचलतात, हे ठीक. मला नवल वाटतं ते पानाचं. पर्णरंध्रांतून वाफ बाहेर पडते हे शाळेत शिकलो, पण त्याच दारातून हवेतली वाफ आतही येते हे कुणी सांगितलं नव्हतं! ट्रिटियमवाली दमट हवा आली की काही तासांत पानातल्या पाण्यात ते भिनतं, आणि हवा स्वच्छ झाली की तितक्याच झपाट्याने उतरतं. इथवर माझं "आलं तसं जातं" खरं.

पण ऊन असलं की पान त्याच पाण्यातला हायड्रोजन घेऊन साखर बनवतं. तिच्यात कार्बनला चिकटलेलं ट्रिटियम सहजी सुटत नाही. साखर जाईल तिथे, म्हणजे फळात, दाण्यात, कंदात, तेही जातं. गव्हाचा दाणा भरत असताना अशी हवा लागली, तर दाण्यात ते जास्त उतरतं. आपल्या शरीरातून पाण्यातलं ट्रिटियम साधारण १० दिवसांत निम्मं निघून जातं. अन्नात बांधलेल्यासाठी ४० दिवस धरतात, आणि दर बेकरेलमागे मात्रा सुमारे २.३ पट.

घाबरवायला हे लिहीत नाही. ट्रिटियम पाऱ्यासारखं अन्नसाखळीत साठत साठत चढत नाही, आणि पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक पातळी लिटरला १०,००० बेकरेल इतकी सैल आहे. चीड येते ती "पाणीच ते" म्हणून विषय मिटवण्याची. (त्यात मीही आलोच!) फळ वाळवायचं, जाळायचं, त्यातून निघणारं पाणी गोळा करून मोजायचं, हे काम किचकट आहे, मान्य. पण वाडीवाल्याला आकडा द्यायचाच तर रसातल्या पाण्याचा वेगळा आणि वाळलेल्या गराचा वेगळा द्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

रात्री पुन्हा फोन लावून मावशीला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं.

"मोजतं कोण हे?"

"तारापूरला पर्यावरण सर्वेक्षण प्रयोगशाळा आहे."

"मग त्यांना लिही की. गराचा आकडा माग. मराठीत लिही, म्हणजे मलाही वाचता येईल."

पत्राच्या दोन ओळी झाल्यात.