पोवळ्यावर पाय

आमच्या गंगापूर तालुक्यातल्या माणसाला पाण्याची दोनच रूपं ठाऊक. एक न येणारं आणि दुसरं येऊन गाव घेऊन जाणारं. १९७६ साली जायकवाडी धरण पुरं झालं आणि नाथसागराच्या फुगवट्यात आमचं जुनं गाव गेलं. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो. २०१६ च्या दुष्काळात धरण मृतसाठ्यावर आलं, मारुतीच्या पाराचे दगड उघडे पडले, तेव्हा गावातली म्हातारी माणसं चिखल तुडवत ते पाहायला गेली. मीही गेलो. पाण्याखाली काय असतं, याचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच होतं : जे आपलं होतं ते.

असा मी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, २०२४ च्या डिसेंबरात मालवणला समुद्राच्या तळाशी गेलो, हे गंगापुरात कुणाला खरं वाटत नाही. नातीनं हट्ट धरला. सौभाग्यवतींनी रक्तदाबाची गोळी घेतल्याची दोनदा खात्री केली. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या तटाजवळ होडी थांबली. पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी. श्वास अजिबात रोखायचा नाही, तोंडानंच घ्यायचा. कानावर दाब आला की नाक चिमटीत धरून हळूच हवा ढकलायची. दहा मीटर खाली पाण्याचा नि हवेचा मिळून दाब दुप्पट होतो, हे शाळेत शिकलो होतो. तिथं तो जेमतेम पाच मीटरवरच कानाला कळला. ‘‘काकानू, घाबरू नकात, मी आसंय,’’ असं म्हणून एका तरुण पोरानं मला मागून धरलं होतं. त्याच्या धीराच्या त्या शब्दांवर मी खाली गेलो. बँकेतल्या कुठल्याही हमीपत्रावर माझा इतका विश्वास कधी बसला नव्हता!

खाली लक्षद्वीपच्या चित्रातलं निळं काचेसारखं पाणी नव्हतं. हिरवट, जरा गढूळ. पण त्या हिरव्या धुरकटीतून पिवळ्या अंगावर काळे पट्टे ओढलेले मासे शेकड्यांनी आले. पोपटाच्या चोचीसारखं तोंड असलेला एक मासा खडक कुरतडत होता, आणि त्याचा कुरकुर आवाज मला चक्क ऐकू आला. कपारीत एक गोब्रा वसुलीला आलेल्या अधिकाऱ्याकडे कर्जदारानं पाहावं तसा माझ्याकडे पाहून आत सरकला. मी भान विसरलो. तोल जाऊ लागला म्हणून समोरच्या गोलसर पिवळट खडकावर पाय टेकला. त्या पोरानं हातानं माझा घोटा धरून पाय उचलून बाजूला ठेवला. कपड्याच्या दुकानातल्या पोऱ्यानं गिऱ्हाइकाचा पाय ताग्यावरून उचलावा, तितक्या अदबीनं.

तो खडक नव्हता. ते जिवंत प्रवाळ होतं. आपण अंगठीत घालतो ते लाल पोवळं भूमध्य समुद्रातलं, ते निराळं. इथलं प्रवाळ म्हणजे चुन्याचं घर बांधून राहणाऱ्या हजारो चिमुकल्या जिवांची वसाहत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न करतं आणि घरमालकाला भाडं म्हणून देतं. पाणी फार तापलं की हा भाडेकरू बाहेर पडतो आणि प्रवाळ पांढरं पडतं. जगभर असं मोठ्या प्रमाणावर घडत असल्याचं २०२४ च्या एप्रिलात शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, आणि तेही चौथ्यांदा. अशी गोल प्रवाळं वर्षाला सुमारे एखादा सेंटिमीटर वाढतात. म्हणजे माझ्या पायाखाली आलेलं ते कदाचित माझ्याच वयाचं असेल. २००१ पासून या प्रवाळांना वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान आहे, वाघाच्या पंगतीत. वाघाच्या पाठीवर पाय देऊन कुणी फोटो काढत नाही, एवढाच काय तो फरक.

फोटो निघाला होताच. नातीनं तो घरच्या समूहावर टाकला आणि बत्तीस अंगठे आले. त्यात माझा पाय स्पष्ट दिसतो. तो पुसून टाकावा असं अनेकदा मनात आलं, पण अजून पुसलेला नाही.

आता थोडं जुनं सांगतो. १९८८ मध्ये माझी बदली मालवणला झाली होती. त्याच्या आदल्या वर्षी, १३ एप्रिल १९८७ रोजी, किल्ल्याभोवतालचा सुमारे २९ चौरस किलोमीटर समुद्र सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला होता. होडीच्या यंत्रासाठी कर्ज मागायला येणारे मच्छीमार माझ्या टेबलासमोर एकच गोष्ट बोलत : आम्हाला विचारलं कुणी? मला ते फार ओळखीचं वाटे. आमच्या गावालाही कुणी विचारलं नव्हतं. नोटीस आली, मोजणी झाली, मोबदल्याचा कागद आला. त्यामुळे अभयारण्य म्हटलं की आजही माझं पहिलं मन मच्छीमाराच्या बाजूनं उभं राहतं.

पण मी खाली पाहून आलो आहे, आणि आता पहिल्या मनावर भागत नाही. माझ्याच डोळ्यांदेखत चार-पाच होड्या एकाच खडकाजवळ उभ्या होत्या. दोघींनी नांगर थेट टाकला. एक नांगर एका वर्षात किती वेळा पडत असेल, हा हिशेब बँकेत नोकरी केलेल्या माणसाला करायला लागू नये. शिवाय मासे जमावेत म्हणून पाण्यात पाव चुरतात. पावाला सोकावलेले धटिंगण मासे तिथं ठाण मांडतात, बाकीचे हुसकले जातात. आणि शेवाळ खाऊन प्रवाळ स्वच्छ राखणारे पाहुणचारात आपलं काम विसरतात.

माझं म्हणणं बुडी बंद करा असं नाही. बंद केली तर पुन्हा न विचारता केल्यासारखं होईल, आणि त्या पोराच्या घरची चूल त्यावर आहे. पण होड्या बांधायला कायमचे तरंगते खुंट टाकले, एका जागी एका वेळी किती माणसं याला बंधन घातलं, आणि पाण्यात उतरण्यापूर्वी पंधरा मिनिटं मराठीत समजावून सांगितलं, तर यात अवघड काय आहे? तारकर्लीला पर्यटन महामंडळाची बुडी शिकवणारी संस्था आहे, शिकलेली स्थानिक मुलं आहेत. नियम त्यांना आणि मच्छीमारांना बसवून ठरवावेत, आणि मोडणाऱ्याचा दंड त्यांच्याच सोसायटीत जमा व्हावा. स्वतःच्या ठेवीवर माणूस पहारा देतो, हे मी तीस वर्षं पाहिलं आहे.

विजयदुर्गापासून शंभरेक किलोमीटर आत समुद्रात प्रवाळांचं एक मोठं बुडालेलं पठार आहे. कान्होजींच्या घराण्यावरून त्याचं नाव आंग्रिया बँक. आमचा एक सहकारी कितीतरी दिवस ती सहकारी बँक समजत होता. उद्या तिथंही पर्यटकांच्या बोटी जातील. तेव्हा खुंट आधी जातील की नांगर?

परवा पुतण्याचा फोन आला. दिवाळीनंतर गंगापूरहून दोन गाड्या भरून मालवणला निघणार आहेत, होडीवाल्याचा नंबर हवा होता. नंबर दिला. म्हटलं, होडी कशाला बांधतो ते आधी विचार, खाली कशालाही पाय लावू नको, आणि पाव नेऊ नको.

‘‘मग मासे कशाला येतील, काका?’’ तो म्हणाला.

मी म्हटलं, तिथंच राहतात रे ते. येणारे आपण.