सीएचा क्लास निवडताना

बारावीनंतर सीए फाउंडेशन करायचं ठरलं की घरात पहिला सवाल येतो, क्लास कोणता? चौकातल्या फलकावर चमकलेल्या मुलांचे फोटो असतात. त्या बॅचमधून एकूण किती जण परीक्षेला बसले, हे तिथे नसतं. आधी तेच विचारा.

परीक्षेचं गणित असं : १०० गुणांचे चार पेपर. प्रत्येकात किमान ४० आणि सगळे मिळून २०० गुण हवेत. त्यातले अकाउंटिंग आणि लॉ हे पेपर लिहून द्यायचे असतात. वर्गात समजलं, पण कागदावर उतरलं नाही, तर गुण जातात. म्हणून डेमो लेक्चरला भुलू नका. 'मुलांच्या उत्तरपत्रिका कोण तपासतं, किती दिवसांत परत देतं?' असं विचारा आणि एखादी तपासलेली उत्तरपत्रिका पाहून घ्या.

सीए इन्स्टिट्यूटचं अभ्याससाहित्य आणि सराव प्रश्नपत्रिका त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहेत. पंधरा दिवस मुलाला किंवा मुलीला त्यावर बसू द्या. कुठला विषय अडतो, ते कळेल. कदाचित तेवढ्याच विषयाचा क्लास पुरेल. अम्मीचे दागिने गहाण ठेवून चारही विषयांची फी भरण्याआधी एवढं जरूर करा.